चर्चा: फायटर माऱ्यासाठी घ्यावा की अडवण्यासाठी?

तळ्याकाठी (धागाकर्ता)

सोलापुरातल्या आमच्या गटाची डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर पात्रे रंगवून खेळायच्या खेळाची नवी मोहीम २०१४ च्या नियमांनी सुरू होत आहे. दोन्ही नव्या खेळाडूंनी फायटर (लढवय्ये) निवडले असून दोघांनीही दोन हातांनी पेलायची मोठी तलवार आणि ‘ग्रेट वेपन मास्टर’ ही फीट (पात्राची खास हातोटी) घेतली आहे. नेम ५ ने कमी करून घाव १० ने वाढवण्याची सोय असल्यामुळे ही जोडी मोहात पाडते, हे मान्य. तरीही फायटरने शत्रूचे किती हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) उतरवले यापेक्षा त्याच्यामुळे शत्रूला काय करता आले नाही, यावर त्याचे मोल ठरवावे, असे माझे मत आहे.

माझा फायटर २७ गुणांच्या वाटपातून असा उभा राहतो: स्ट्रेंग्थ (ताकद) १५, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, विझडम (सारासार जाण) १४, डेक्स्टेरिटी आणि करिझ्मा प्रत्येकी १०, इंटेलिजन्स ८. चेन मेलचे १६ आणि ढालीचे २ मिळून आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला वीस बाजूंच्या फाशावर भर धरून गाठावा लागणारा आकडा) १८ होतो. लढण्याची शैली ‘ड्युएलिंग’, म्हणजे एका हातातल्या तलवारीच्या घावात २ ची भर, आणि फीट ‘सेंटिनेल’, म्हणजे जवळून निसटणाऱ्या शत्रूला वार करून जागीच थांबवण्याची सोय. विझडमवर इतके गुण घातलेले पाहून पुष्कळांच्या भुवया उंचावतात. पण फायटरला प्रावीण्य मिळते ते स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हमध्ये (मंत्र वा इजा टाळण्यासाठी टाकायच्या फाशात), आणि ‘होल्ड पर्सन’सारखा मंत्र नेमका विझडमवर येतो. तो सेव्ह हुकला की गटातला सर्वांत दणकट गडी खांबासारखा जागच्या जागी उभा राहतो.

मागच्या मोहिमेत आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आपल्या भुईकोट किल्ल्यावरून नकाशा बेतला होता: दुहेरी तटबंदी, एका अंगाला तलाव, बाकीच्या अंगांना खंदक. दोन तटांमधली वाट तीन चौकोन रुंद होती. मधल्या चौकोनात मी आणि बराच मागे विझार्ड (जादूगार). हॉबगॉब्लिनांचा म्होरक्या माझ्या डावीकडून निसटू लागला, तोच सेंटिनेलचा वार बसला, त्याचा वेग शून्य झाला आणि विझार्डपासून तीन चौकोन अलीकडेच तो अडकला. त्या वाराने उतरलेले हिट पॉइंट मामुली होते.

अक्कलकोट रोड

मेलेल्या शत्रूला अडवावे लागत नाही. सेंटिनेलसाठी लागणारी रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) फेरीत एकदाच मिळते, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. म्होरक्या अडकल्यावर त्याच्या मागचा दुसरा आपल्या उजवीकडून सरळ निघून गेला असता, तर आपण काय करणार होता?

आता आकडे पाहू. ह्यूमनचा पर्यायी प्रकार घेतल्यास पहिल्याच लेव्हलला फीट मिळते आणि पाचव्या लेव्हलपर्यंत स्ट्रेंग्थ १८ करता येते, म्हणजे नेमात ७ ची भर. समोरच्याचा आर्मर क्लास १५ असेल तर साधा वार ६५ टक्के वेळा लागतो आणि सरासरी ११ चा घाव करतो. क्रिटिकल (फाशावर २० पडल्यावरचा वाढीव घाव) आणि शैलीची भर बाजूला ठेवली तर प्रत्येक वारामागे ७.१५ पडतात. फीट वापरून तोच वार ४० टक्के वेळा लागतो, पण २१ चा घाव करतो, म्हणजे ८.४. शिवाय एखादा शत्रू पडला की बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा कृतीत) आणखी एक वार मिळतो, आणि ‘अॅक्शन सर्ज’ वापरलेल्या फेरीत मुळातच दोनाचे चार वार होतात.

आणखी एक मुद्दा असा की, ढालीआड उभ्या असलेल्या माणसावर चालून जाण्याची सक्ती नियमांत शत्रूवर कुठेच नाही. जरा अक्कल असलेला डीएम आपल्याला वळसा घालेल. ज्याच्या तलवारीची धास्ती वाटते, त्याच्याकडेच शत्रू वळतो.

तळ्याकाठी

आपले गणित बरोबर आहे, पण आपण १५ हा आकडा निवडून घेतला आहे. साध्या हॉबगॉब्लिनचाच आर्मर क्लास १८ असतो. तिथे साधा वार निम्म्या वेळा लागून ५.५ देतो, तर फीटचा वार २५ टक्के वेळा लागून ५.२५. त्यातही त्याचे हिट पॉइंट ११ असतात, त्यामुळे २१ च्या घावातले १० वाया जातात. माझ्या ड्युएलिंगच्या तलवारीचा घाव त्याच स्ट्रेंग्थला सरासरी १०.५ पडतो, आणि ढाल हातात राहते ती वेगळीच.

वळसा घालण्याची शंका रास्त आहे. त्यासाठीच मी तिसऱ्या लेव्हलला ‘बॅटल मास्टर’ (डावपेचांत तरबेज फायटर) होऊन ‘गोडिंग अॅटॅक’ हा डाव घेतो. तो वार लागला आणि समोरच्याचा विझडमचा सेव्ह हुकला की माझ्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत इतर कोणावरही वार करताना त्याला डिसअॅडव्हान्टेज मिळतो (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो). हे काम माझ्याच पाळीत होते, रिअॅक्शन खर्च होत नाही.

शेंगाचटणी

दोघेही लढाईपलीकडे पाहायला तयार नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यात खेळ दिवेलागणीनंतर सुरू होतो आणि त्यातला निम्मा वेळ वेशीवरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात जातो. तेवढा वेळ फायटर खेळणारा फासे हातात खुळखुळवत बसतो. विंचूरकर वाड्यासारखी भव्य आकडेमोड करूनही बोलायची वेळ आली की शीटवर (पात्राच्या नोंदीच्या कागदावर) काहीच नसते. २०१४ च्या फायटरला गुणवाढीच्या सात संधी मिळतात, बहुतेक क्लासना (पात्रप्रकारांना) पाचच. ती जादाची एखादी ‘स्किल्ड’ या कौशल्ये वाढवणाऱ्या फीटवर घालवली तर काय बिघडते? २०२४ च्या नियमांत ही उणीव ओळखून दुसऱ्या लेव्हलला ‘टॅक्टिकल माइंड’ दिले आहे: चाचणी हुकली की ‘सेकंड विंड’ (दम परत मिळवण्याची सोय) खर्चून दहा बाजूंच्या फाशाची भर घालता येते. त्या नियमांत ५ वजा, १० अधिक हा सौदाही राहिलेला नाही, त्यामुळे तुमचे अर्धे भांडण नवे पुस्तक घेतले की आपोआप मिटेल.

अक्कलकोट रोड

मोहीम २०१४ च्या नियमांनी आहे, असे पहिल्याच वाक्यात लिहिले आहे. पहारेकऱ्याशी बोलायला गटात बार्ड (बोलण्यात तरबेज गायक-जादूगार) असतो.

सात रस्ता

मी बहुतेक वेळा विझार्ड खेळतो, म्हणजे ज्याला वाचवण्याच्या गोष्टी चालल्या आहेत तो मीच. मंत्रावर कॉन्सन्ट्रेशन (तो टिकवण्यासाठी लागणारी एकाग्रता) असताना घाव बसला की मला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह करावा लागतो, किमान १० चा, आणि घाव मोठा असेल तर त्याच्या निम्म्याचा. म्हणून वाट अडवणारा माणूस मला हवाच. मात्र मी ‘वेब’ टाकून शत्रूंना जाळ्यात पकडले, तर त्यांच्यावरचा प्रत्येक वार अॅडव्हान्टेजने (दोन फाशांतला मोठा आकडा धरून) होतो. मग आर्मर क्लास १८ असूनही फीटचा वार जवळजवळ ४४ टक्के वेळा लागून ९.२ च्या आसपास देतो आणि साधा वार ८.२५ देतो, तळ्याकाठी यांचे गणित तिथे उलटते. विझार्ड नुसता ‘फायरबॉल’ टाकणारा असेल, तर ही मदत मिळत नाही आणि ढालच बरी.

तेव्हा त्या दोन नव्या खेळाडूंची शीट्स पक्की करण्याआधी, तुमच्या गटातला विझार्ड दुसऱ्या पातळीचे कोणते मंत्र घेणार आहे, ते इथे लिहाल का?