उंचीवरचं विमान, लढाई जमिनीलगत

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीने खूप उंचीवर लढण्यासाठी बनवलेलं 'टा १५२ एच' हे लढाऊ विमान लढाईत उतरलंच नाही, असं कुणी म्हटलं, ते पटलं नाही. संख्या नगण्य होती, मान्य. पण जानेवारी १९४५ पासून ही विमानं जर्मन हवाई दलाच्या जेजी ३०१ या लढाऊ तुकडीकडे होती. गंमत म्हणजे जवळजवळ साडेचौदा मीटर पंखविस्ताराचं, विरळ हवेत जोर टिकावा म्हणून इंजिनाला नायट्रस ऑक्साइड पाजणारं हे विमान १४ एप्रिलला जर्मनीतल्या लुडविग्सलुस्टजवळ ब्रिटिशांच्या टेम्पेस्ट या लढाऊ विमानांशी भिडलं, ते अगदी खाली! जर्मन वैमानिक विली रेश्केने एक टेम्पेस्ट पाडलं, पण त्याचा सहकारी झाटलरही कोसळला.

आणि या विमानाचा रचनाकार कुर्ट टांक, त्याचं पुढे काय झालं, ते राहिलंच की. अर्जेंटिनामार्गे स्वारी बंगळूरला आली. एचएएलचं 'मरुत' हे लढाऊ जेट त्याच्याच हाताखाली घडलं, पहिलं उड्डाण जून १९६१. तेही बिचारं हवं तसं इंजिन न मिळाल्याने अडलं.