मदत हवी आहे: हॉट टब कुठे बसवावा, डेकवर की खाली अंगणात?

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो. सासूबाई (वय ७४) आता कायमच्या आमच्याकडे आहेत. दोन्ही गुडघे फार दुखतात. फिजिओथेरपीत कोमट पाण्यात व्यायाम करून घेतात, त्या दिवशी संध्याकाळी त्या न कण्हता खुर्चीतून उठतात. ते बघूनच घरी हॉट टब घ्यायचं ठरवलं.

टब पसंत केलाय: ७ बाय ७ फूट, ३६ इंच उंच, पाणी ३७५ गॅलन, रिकामा ७५० पौंड. अडलंय ते जागेपाशी.

एक जागा म्हणजे स्वयंपाकघराबाहेरचा लाकडी डेक. दारातून चार पावलं. दुसरी खाली, मागच्या कोपऱ्यात मेपलखाली. तिथे जायला डेकवरून तेरा पायऱ्या. काल आई उतरत होत्या ते मुद्दाम पाहिलं. दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून. जानेवारीत त्याच पायऱ्यांवर बर्फ असतो आणि त्यांना ओल्या अंगाने वर यायचंय, या विचारानेच पोटात गोळा येतो.

विक्रेता म्हणतो, "डेकवर सगळेच ठेवतात." पण मन घेत नाही. डेक आधीच्या मालकांनी बांधलेला आहे. खाली जाऊन पाहिलं तर घराला लागून असलेली आडवी फळी नुसत्या खिळ्यांवर दिसतेय, बोल्ट कुठेच नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावं.

ओळंबा:
ताई, मन घेत नाही ते बरोबरच आहे. हिशेब करू. ३७५ गॅलन पाणी म्हणजे साधारण ३,१०० पौंड. त्यात टबचे ७५० आणि चार माणसांचे ६०० धरा. साडेचार हजारांच्या आसपास गेलं. टबची जागा ४९ चौरस फूट, म्हणजे चौरस फुटाला ९० पौंडांच्या वर. घरगुती डेक सहसा ४० पौंडांच्या हिशेबाने बांधतात.

आणि ती खिळ्यांवरची फळी ही तर टबपेक्षा मोठी काळजी आहे. डेक कोसळतात ते बहुधा तिथूनच सुटून. टब घ्या वा नका घेऊ, ती आधी दुरुस्त करून घ्या, तोवर डेकवर गर्दी जमवू नका. नवे खांब आणि पाया घालून डेक भक्कम करता येतो, पण त्याला इंजिनिअरचं ड्रॉइंग आणि टाउनशिपचं परमिट लागेल.

जमिनीवर असेल तर ८ बाय ८ फुटांचा काँक्रीटचा ओटा घाला, ४ इंच जाड, आत सळ्या. वरची माती काढून खाली ४ इंच खडी घाला आणि चांगली ठोकून घ्या. भराव कच्चा राहिला की ओटा एका बाजूला खचतो. टब तिरका बसला की पाणी एका कडेला चढतं आणि सांगाड्यावर ताण येतो.

फेज_न्यूट्रल:
या मापाच्या टबला बहुतेक वेळा २४० व्होल्ट, ५० अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि जीएफसीआय ब्रेकर (वीज गळताच लाइन तोडणारा) लागतो. बंद करायचा स्विच टबावरून दिसेल असा, पण पाण्यापासून निदान ५ फूट लांब. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा सोडा. इलेक्ट्रिशियन लायसन्सवालाच हवा.

खोदण्याआधी ८११ ला (जमिनीखालच्या लाइन दाखवून देणाऱ्या सेवेला) फोन करा, निदान तीन कामाचे दिवस आधी. फुकट असतं. जमिनीवर खुणा करून जातात, विजेची लाल, गॅसची पिवळी.

मागचं_दार:
मिशिगनमध्ये आमच्याकडे टब आहे, म्हणून अनुभवाचं सांगते. मेपलखाली अजिबात नको. पानं, बिया, चिकट थेंब, सगळं झाकणावर. घरापासून लांब असला तर डिसेंबरनंतर कोणी फिरकत नाही.

तुम्ही अंतराचा विचार करताय, पण ३६ इंचांचा काठ आई ओलांडणार कशा? रुंद पायऱ्या, घट्ट रोवलेला कठडा, आणि काठाच्या उंचीचा एक ओटा हवा, म्हणजे बसून पाय आत फिरवता येतात. टब थोडा जमिनीत उतरवायचा विचार येईल, पण पंपाच्या बाजूला माणूस बसून काम करेल एवढी जागा मोकळी ठेवा आणि खड्ड्यातल्या पाण्याला वाट द्या.

पाणी १०४ अंश फॅरनहाइटच्या वर कधीच नाही, त्यांच्यासाठी त्याहून बरंच कमी ठेवा. बीपीच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

तेरा पायऱ्या म्हणजे डेक उंच दिसतोय. बेसमेंटला बाहेर उघडणारं दार आहे का?

धागाकर्ती:
आहे! डेकच्या खालीच उघडतं, आणि आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आतला जिना कोरडा आहे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत, खाली बाथरूमही आहे.

ओळंबा:
मग तीच जागा. फक्त टब डेकखाली घुसवू नका. फळ्यांतून पाणी गळेल, वाफेने लाकूड खराब होईल, झाकण उघडायला उंची पुरणार नाही. डेकची कड संपते तिथे बाहेर ठेवा. छताचं पन्हाळं तिथे रिकामं होत नाही ना, ते पावसात उभं राहून बघा. आणि टब आत येणार कुठून, ते मोजा.

धागाकर्ती:
मोजलं. बाजूचं फाटक ४२ इंच आहे, पण एसीच्या युनिटपाशी फक्त ३४ इंच उरतात. टब आडवा करूनही निघणार नाही. शेजारी त्यांच्या बाजूने कुंपणाचा एक भाग काढू द्यायला तयार आहेत, नाहीतर क्रेन.

आज गवतावर दोरीने ७ बाय ७ चा चौकोन आखला. आई स्वतः जिन्याने खाली आल्या, चौकोनाभोवती एक फेरी मारली आणि दाराकडच्या कडेला थांबल्या. "पायरी इथे कर. मी डावा पाय आधी टाकते, कठडा उजव्या हाताला हवा." तिथे खुंटी ठोकून ठेवलीय.