सेकंड लेफ्टनंट राणे यांना परमवीर चक्र नेमके कशासाठी मिळाले?

कोकणकडा:
नमस्कार. माझा मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांची माहिती जमवत आहे. बहुतेकांनी शत्रूचे ठाणे जिंकले किंवा आपले ठाणे प्राणपणाने राखले, हे त्याला समजते. परंतु कारवारजवळच्या रामा राघोबा राणे यांच्या नावापुढे ‘रस्ता मोकळा केला’ एवढेच वाचून त्याने विचारले, की अशा कामाला सर्वोच्च सन्मान कसा मिळतो? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

खडकीकर:
प्रश्न अगदी रास्त आहे, कारण ‘रस्ता मोकळा केला’ या तीन शब्दांत त्या कामाचे काहीच कळत नाही. काश्मीरच्या लढाईत मार्च १९४८ मध्ये झांगड हे ठाणे परत घेतल्यावर आपल्या फौजेला नौशहराहून राजौरी गाठायची होती. डोंगराच्या कडेने जाणाऱ्या त्या एकमेव रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते, मोऱ्या उडवल्या होत्या आणि पाइनची झाडे आडवी पाडली होती; ते सारे दूर झाल्याशिवाय रणगाडे पुढे सरकणे शक्यच नव्हते.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास राणे यांची सुरुंग आणि अडथळे काढणारी तुकडी रणगाड्यांजवळ थांबली असताना उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले आणि राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. तरीही त्यांनी उरलेल्यांना लगेच कामाला लावले. दुपारी साडेचारच्या सुमारास बारवालीची धार हाती आली, पण शत्रू अजून आसपासच होता. अशा स्थितीत मशीनगनच्या माऱ्यात, शत्रूला उघड दिसत असताना, ते रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून पुन्हा तेच.

९ तारखेच्या संध्याकाळी पाच मोठ्या पाइन वृक्षांचा अडथळा लागला. भोवती सुरुंग होते आणि त्यावर मशीनगन रोखलेली होती. अंधार पडू लागल्याने चिलखती दलाच्या प्रमुखाने मुक्कामाचा आदेश दिला, नाहीतर राणे थांबायला तयार नव्हते. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे यांनी त्याच अडथळ्याला हात घातला आणि साडेसहापर्यंत तो दूर केला. पुढचे हजारभर यार्डही अडथळ्यांनीच भरलेले होते. दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरील चिंगसला पोहोचले, मात्र मागून रसद यायची होती म्हणून राणे रात्री नऊपर्यंत उपाशीपोटी राबत राहिले. ११ तारखेला अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीला खुला झाला. जखमी माणसाने चार दिवस, प्रत्येक वळणावर, पुन्हा पुन्हा त्याच धोक्यात शिरणे, हे एका झेपेच्या शौर्यापेक्षा तसूभरही कमी नाही, असे मला ठामपणे वाटते.

सह्याद्रीपुत्र:
थोडी भर घालतो. जमिनीवर, समुद्रात किंवा आकाशात, शत्रूच्या समोर दाखवलेले असामान्य शौर्य अथवा आत्मबलिदान, असा या सन्मानाचा निकष आहे. शत्रूचे किती सैनिक मारले, याची अट त्यात कोठेही नाही.

कोकणकडा:
दोघांचेही मनापासून आभार. तारीख-वेळेनिशी वाचून दाखवल्यावर मुलाने आणखी एक विचारले: चढाई करून असा सर्वोच्च सन्मान मिळवलेला आपल्या भागातला कोणी आहे का? तुलनेसाठी त्याला हवे आहे.

खडकीकर:
आहेत, आणि त्यांचा उल्लेख अवश्य व्हावा. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतील जवळजवळ सर्वजण पडले असता ते एकटेच मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली आणि नंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो ब्रिटिश काळातील सन्मान असल्यामुळे प्रकल्पात त्यांना २१ जणांच्या यादीत न घालता स्वतंत्र पानावर घ्यावे. राणे मात्र त्या मोहिमेतून वाचले आणि पुढे मेजर म्हणून निवृत्त झाले. नकाशा काढणार असाल, तर नौशहरा, बारवाली, चिंगस आणि राजौरी ही चार ठिकाणे दाखवून प्रत्येकापुढे तारीख लिहावी.