बर्फाळ भागातली जुनी गाडी: गंज नेमका कुठे पाहावा

जुनी गाडी घेताना, तिचा रंग चकचकीत आहे म्हणजे गंजाची काळजी नाही, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ पाण्यात विरघळून गाडीच्या पोटाखाली उडते, सांध्यांत आणि पोकळ भागांत साचते, आणि तिथला पत्रा आतून खाऊ लागते. बाहेरच्या रंगावर फोड दिसेपर्यंत आतले काम बहुधा झालेले असते. याच कामासाठी वापरले जाणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड हे क्षार तर हवेतला ओलावा शोषून घेतात, त्यामुळे कोरड्या दिवशीही धातू ओलसर राहतो.

म्हणून गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. दारांखालची पट्टी, चाकांच्या कमानींच्या कडा, सस्पेन्शन (चाकांचे धक्के शोषणारी यंत्रणा) जिथे जोडलेले असते त्या जागा आणि ब्रेकचे धातूचे पाइप नीट पाहावेत. मालकाच्या परवानगीने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहावे: चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि खाली तांबूस पापुद्रे गळतात. गाडीच्या पोटाला नुकताच फासलेला काळा गंजरोधक थर दिसला तर मी अधिकच सावध होतो, कारण गंजावरच लावलेला तो थर ओलावा आत कोंडून ठेवतो.

सायलेन्सरवरचा तांबूसपणा मात्र मनावर घेऊ नये; तो भाग सहज बदलता येतो. चेसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, भोक पडले असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी घेऊ नये.