बेरीच्या डबीवर माल कुठून आला ते सांगणारा कोड हवाच का? पेटीवरचा पुरत नाही?

बांधावरून:
माग डबीपर्यंत लागलाच पाहिजे. दुकानात पेटी फोडून डब्या मांडल्या की लेबलासकट पेटी रद्दीत जाते. आजारी माणसाच्या फ्रिजमध्ये सापडली तर डबीच सापडते. १९९६ साली अमेरिका-कॅनडात सायक्लोस्पोरा या जुलाब लावणाऱ्या परजीवीची साथ आली, तेव्हा संशय आधी कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीवर गेला. पुढे तपासात ग्वाटेमालाची रास्पबेरी निघाली, पण तोवर स्ट्रॉबेरीवाल्यांना फटका बसून गेला होता. आपला माल निर्दोष आहे हे दाखवायलाही माग लागतो.

पॅकलाइन:
उदाहरण बरोबर, निष्कर्ष पटत नाही. डबीवरचा कोड शेवटी लॉटचा, म्हणजे एका खेपेच्या मालाचा, नंबरच सांगणार, आणि लॉटमध्येच दुसरा माल मिसळलेला असेल तर तो वाचून हाती काय लागणार? ब्लूबेरी घ्या. एका प्लॉटचे क्रेट संपले की दुसऱ्याचे लगेच हॉपरमध्ये (लाइनच्या तोंडाशी फळ ओतायच्या टाकीत) ओततात आणि त्याच क्षणी प्रिंटरवरचा नंबर बदलतात. पट्ट्यावर आणि फळ निवडणाऱ्या सॉर्टरमध्ये अजून आधीच्याच प्लॉटचं फळ असतं, ते नव्या नंबराच्या डब्यांत पडतं. खरं तर लाइन रिकामी धावू द्यायची, शेवटचं फळ डब्या भरणाऱ्या फिलरमधून पडलं की वेळ लिहायची आणि मगच नंबर बदलायचा. वजनाला कमी भरलेल्या डब्या दिवसअखेर एकत्र करतात, तिथेही हाच घोळ.
आधी लॉटनिहाय जुळणी करा: आत आलेले किलो म्हणजे पॅक झालेले, प्रक्रियेला गेलेले आणि फेकलेले यांची बेरीज. एका लॉटमध्ये आत आल्यापेक्षा जास्त माल बाहेर पडलेला दिसला, तर त्यात दुसरा लॉट शिरलाय. युरोपचा १७८/२००२ हा अन्नकायदाही माल कुणाकडून आला आणि कुणाला दिला एवढंच मागतो, डबीपर्यंत जात नाही.

बांधावरून:
ब्लूबेरीचं मान्य. पण स्ट्रॉबेरी-रास्पबेरी बहुतेक ठिकाणी तोडणाराच शेतात थेट डबीत भरतो. मध्ये हॉपर नाही, की मिसळण नाही. तिथे प्लॉट, तारीख आणि तोडणारी टोळी डबीवर येऊ शकते, मग ती का सोडायची?

शीतगृह:
दोघांच्याही बोलण्यात लेबल राहिलं. साधं थर्मल (उष्णतेने छापलेलं) लेबल उन्हात आणि घासून पुसट होतं. प्लास्टिकचं लेबल घ्या, छपाई रेझिन रिबनची (सहज न पुसणाऱ्या शाईपट्टीची). थंड डबीवर दव धरलं की चिकटत नाही, म्हणून प्री-कूलिंगच्या (माल झटपट थंड करण्याच्या) आधी, कोरड्या डबीवर लावा. आणि झाकणाची भोकं झाकू नका. हवा अडली की मधली फळं गरमच राहतात.

पॅकलाइन:
शेतात भरलेल्या मालापुरतं डबीचं पटलं. पण मग लॉट लहान ठेवा. अख्ख्या बागेचा दिवसाचा माल एकाच नंबरावर टाकला, तर एका टोळीच्या चुकीपायी सगळाच परत बोलवावा लागेल, मग कोड डबीवर असो की पेटीवर. टोळी बदलली की नंबर बदला. ब्लूबेरीला मात्र लाइन रिकामी करण्याची शिस्त बसेपर्यंत डबीवरचा प्लॉट नंबर मी छापू देणार नाही, कारण तो खोटा असेल.