ओबेद सिद्दिकींवर सेमिनार आहे, पेपरांची यादी बघून गोंधळ उडालाय

सांगलीची_मुक्ता:
नमस्कार मंडळी, मी एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्तन आणि जनुकं या विषयातला एक शास्त्रज्ञ निवडून त्याचं करिअर आणि संशोधन यावर वीस मिनिटं बोलायचंय. बाकीच्यांनी सगळी परदेशी नावं घेतली, मला आपल्याकडचं कोणीतरी हवं होतं म्हणून मी ओबेद सिद्दिकी घेतले, मुंबईच्या टीआयएफआर म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधले. आता अडचण अशी झालीय की आम्हाला तक्ता दिलाय, एकूण पेपर किती, साइटेशन (इतरांनी किती वेळा दाखला दिला) किती, एच-इंडेक्स (पेपर आणि साइटेशन मिळून काढलेला आकडा) किती, आणि तो भरायला बसले तर आत्ताच्या लोकांच्या मानाने यादी छोटीच दिसते, शिवाय आधी बुरशी, मग बॅक्टेरिया, मग माशी, काही धागाच लागत नाही. वर्तनावरचं काम तर चाळिशी गाठल्यानंतरचं. माझी निवड चुकली का? नाव बदलायला अजून तीन दिवस आहेत.

बाटली_आणि_बोळा:
मुक्ता, नाव अजिबात बदलू नकोस!! मी सहा वर्षं माश्यांच्या लॅबमध्ये काढलीत, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि आगार शिजवून बाटल्या भरणं, कापसाचे बोळे वळणं, सगळं केलंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घे.

धागा आहे, तो असा. हा माणूस १९३२ चा, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा, अलीगढला शिकलेला. दिल्लीत गव्हावर काम चालू होतं तर गारपिटीने उभं पीक झोपलं आणि प्रयोगच गेला. मग ग्लासगोला जनुकशास्त्रज्ञ पाँटेकॉर्व्होंकडे पीएचडी, ॲस्परजिलस बुरशीच्या एकाच जनुकाच्या आतला बारीक नकाशा काढायचा. तिथून पेन्सिल्व्हेनियात ॲलन गॅरन यांच्याबरोबर, १९६२ चा पेपर आहे, बॅक्टेरियातलं एक एन्झाइम म्युटेशनमुळे, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे, बनत नव्हतं ते दुसऱ्या एका जनुकामुळे परत बनायला लागतं असं दाखवलं, आणि आज आपण बारावीत स्टॉप कोडॉन म्हणून जे पाठ करतो तिथे पोचायच्या वाटेवरचं ते महत्त्वाचं काम आहे. तिन्ही ठिकाणी पद्धत एकच बघ. आधी बिघडलेला जीव शोधायचा आणि तो कुठे बिघडलाय त्यावरून नीट चालणारं यंत्र समजून घ्यायचं. बुरशी ते माशी हा प्रवास म्हणजे तोच प्रश्न घेऊन एकेक पायरी वर चढणं आहे, विषय सोडून पळणं नव्हे.

१९६२ मध्येच भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या शिफारशीवरून होमी भाभांनी त्यांना मुंबईला बोलावलं आणि कुलाब्याला, फिजिक्सवाल्यांच्या इमारतीत, मॉलेक्युलर बायोलॉजीचं युनिट सुरू झालं. वय तीस! तुझ्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसवणार?

आता वर्तनाचं सांगते. अमेरिकेत कॅल्टेक विद्यापीठात माश्यांच्या वर्तनावर काम करणारे सीमोर बेंझर होते, त्यांच्याबरोबर सिद्दिकींनी अशा माश्यांवर काम केलं ज्या गरम झाल्या की लुळ्या पडतात. १९७६ चा पेपर आहे. मी स्वतः हा प्रयोग बघितलाय म्हणून सांगते, दोन काचेच्या नळ्या ३८ अंशाच्या पाण्यात धरायच्या. साध्या माश्या बावचळून भिंतीवर वरखाली धावत राहतात. दुसऱ्या नळीत मिनिट-दोन मिनिटं सगळं ठीक, मग एक पडते, दुसरी पडते, आणि बघता बघता तळाशी सगळ्या उताण्या. मेल्या असं वाटतं. नळी बाहेर काढून टेबलावर ठेवायची आणि थांबायचं. 'शिबिरे' नावाच्या म्युटंटच्या (जनुक बिघडलेल्या जातीच्या) माश्या गार झाल्या की लगेच उठतात, पण 'कोमाटोज' जातीच्या बराच वेळ तशाच पडून, मग एक पाय हलतो, मग दुसरा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवायला गेलेच नाही.

ही कोमाटोज त्यांनी शोधलेली. तेव्हा जनुक वाचायची सोय नव्हती, त्यामुळे नसांना इलेक्ट्रोड लावून नेमकं कुठे अडतंय ते बघितलं. पुढे १९९५ मध्ये दुसऱ्या गटाला कळलं की त्या माशीत एनएसएफ नावाचं प्रोटीन बिघडलेलं असतं. पेशीतल्या मालाच्या पिशव्या इकडून तिकडे जातात आणि पडद्याला जोडल्या जातात त्या यंत्रणेतलं हे प्रोटीन, आणि त्या यंत्रणेसाठी रॉथमन, शेकमन, झ्युडहोफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जुलैमध्ये सिद्दिकी सर गेले, बंगळूरला, रस्त्यावरच्या अपघातानंतर. एका पेपराची किंमत एकोणीस वर्षांनी कळते, ती तक्त्यात कशी मांडायची तूच सांग.

म्हापशेकार:
वरच्या ताईंनी छान लिहिलंय, पण व्हेरोनिका रॉड्रिग्जचं नाव कसं आलं नाही अजून? आम्हा गोंयकारांना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आईवडील गोव्याचे, जन्म नैरोबीचा, शिक्षण डब्लिनला, आणि सिद्दिकींचा पेपर वाचून थेट मुंबईला पीएचडीला आली. १९७७ च्या सुमाराला लोक इथून बाहेर जायचे, ही बाहेरून इथे आली. दोघांचा १९७८ चा पेपर बघ, वास आणि चव न कळणाऱ्या माश्या त्यांनी शोधल्या.

प्रयोग एकदम साधा. वाय आकाराची काचेची नळी, माश्यांना वर चढायची सवय असते, तर त्या खालून चढत येतात आणि फाट्यापाशी ठरवतात, वासाच्या बाजूला जायचं की बिनवासाच्या. दोन्हीकडे किती गेल्या ते मोजायचं, बस्स. त्यातून एखाद्या वासाला बहिऱ्या (याला चांगला शब्द नाही आपल्याकडे) असलेल्या जाती वेगळ्या निघाल्या आणि त्यांची जनुकं गुणसूत्रावर कुठे बसतात ते काढलं. वास ओळखणाऱ्या रिसेप्टरची जनुकं उंदरात १९९१ ला आणि माशीत १९९९ ला सापडली. म्हणजे कुलाब्याचं काम केवढं आधीचं! व्हेरोनिकाबाय २०१० मध्ये गेली, कॅन्सरने, फार लवकर. तुझ्या वीस मिनिटांतली पाच तिला दे.

देवगडचा_कलमवाला:
एक शंका. आमच्या बागेत फळमाशीसाठी रक्षक सापळे लावतो, आत मिथाईल युजेनॉल या वासाच्या रसायनाचा बोळा असतो, त्याला नर माश्या धावत येतात. ही तीच माशी का?

बाटली_आणि_बोळा:
नाही दादा, तुमची आंब्यातली फळमाशी वेगळी आणि मोठी. लॅबमधली म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारं चिलट, ड्रॉसोफिला. पण तुमचा सापळा चालतो तो याच तत्त्वावर, एक वास आणि त्याला ठरलेलं वर्तन. मुक्ता, हे उदाहरण घेच, सांगलीत सगळ्यांना कळेल.

निवृत्त_मास्तर:
मुक्ता, एक काळजी घे बाळा. वर्तन-जनुकशास्त्र म्हटलं की प्रश्नोत्तरात कोणीतरी हमखास विचारणार, "म्हणजे माणसाचा स्वभावही जनुकातच ठरतो का?" माशीतलं आणि माणसातलं, हे दोन वेगळे रस्ते आहेत. बेंझर आणि कोनोप्का यांनी १९७१ मध्ये माशीत एकाच जनुकाचे तीन म्युटंट शोधले, एकाचा दिवस १९ तासांचा, एकाचा २८ चा आणि एकाला घड्याळच नाही. तिथे जनुक बदलताच वर्तन बदलतं हे बोट ठेवून दाखवता येतं. माणसांत असं करता येत नाही, म्हणून जुळ्यांचा अभ्यास. मिनेसोटात बुशार्ड यांनी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी तपासली आणि १९९० मध्ये बुद्ध्यांकातल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के वाटा अनुवंशाचा असा आकडा दिला. पण तो आकडा त्या गटातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दलचा आहे. एका मुलाची ७० टक्के बुद्धी जनुकांतून आली असा त्याचा अर्थ होत नाही, आणि परिस्थिती बदलली की तो आकडाही बदलतो. वर्गात पोटतिडकीने सांगतो आलोय मी हे वर्षानुवर्षं, कारण या गैरसमजातून गरिबाच्या पोराला "तुझ्यात नाहीच" असं ऐकवणारे मी बघितलेत.

आणि बंगळूरचं एनसीबीएस, म्हणजे जीवशास्त्राचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, विसरू नकोस. पन्नाशी ओलांडल्यावर सिद्दिकींनी पुन्हा शून्यातून ती संस्था उभी केली, पहिले संचालक तेच, आणि खुर्ची सोडल्यावरही लॅबमध्ये माश्यांच्या वासावरच काम करत राहिले. पद्मविभूषण २००६ चं आहे.

सांगलीची_मुक्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री वाचता वाचता एक वाजला. नाव तेच ठेवतेय. तक्ता पहिल्या स्लाइडवर टाकून देणार कारण तो मागितलाय, आणि मग कोमाटोज माशी, एक १९७६, दोन १९९५, तीन २०१३, अशा तीन स्लाइड. मग व्हेरोनिका मॅडम आणि वाय नळी. वाय नळी खरीच करून दाखवता येईल का वर्गात? आमच्याकडे म्युटंट नाहीत, साध्या माश्याही नाहीत.

बाटली_आणि_बोळा:
येईल की! माश्या आजच पकडायला लाग, रुंद तोंडाच्या बाटलीत जास्त पिकलेलं केळं ठेव, वर कागदाचा नरसाळ्यासारखा कोन, टोकाला छोटं भोक. दोन दिवसांत वीस-तीस मिळतील. आदल्या रात्री केळं काढून घे, भुकेल्या पाहिजेत, पण ओला कापूस आत राहू दे नाहीतर सुकून मरतील. नळीच्या एका फाट्यात केळ्याचा तुकडा, दुसऱ्यात नुसता ओला कापूस, आणि खोलीतला पंखा बंद. आणि बसमधून नेताना बाटली खिडकीच्या उन्हात धरू नकोस.