विनोदाला लाइकचा पाऊस, विचारपूर्वक उत्तराला चार थेंब: असं का होतं?

ध्रुवमत्स्य

हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका ऑनलाइन गटात मी बरीच वर्षं लिहितो आहे. तिथे परवा जे घडलं त्यावरून हा धागा काढतोय. विषय दुर्बिणीचा नाही, पण उदाहरण तेच देतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

एका नवख्या सदस्याने विचारलं, "माझ्या न्यूटोनियन दुर्बिणीच्या मुख्य आरशावर धूळ आणि बोटांचे ठसे दिसताहेत. कशाने पुसू?" दोन-चार मिनिटांतच उत्तर आलं: "टूथपेस्ट लावून घासा, शनीची कडीसुद्धा पांढरीशुभ्र दिसतील." वाचून मलाही हसू आलं. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि तो प्रतिसाद सगळ्यात वर जाऊन बसला.

संध्याकाळी वेळ काढून मी नीट लिहिलं. थोड्याफार धुळीने प्रतिमेत काही फरक पडत नाही, त्यामुळे आरसा शक्यतो धुवूच नये. कोरडं फडकं तर कधीच लावू नये, कारण काचेवरचा ॲल्युमिनियमचा लेप साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. फडक्याखाली अडकलेला धुळीचा एक कण त्यावर कायमची रेघ ओढतो. धुवायचाच झाला तर आधी नुसतं वाहतं कोमट पाणी, मग पाण्यात साध्या द्रव साबणाचा एखादा थेंब, त्यात भिजवलेला कापूस अजिबात दाब न देता सरळ रेषेत ओढायचा, प्रत्येक वेळी नवा बोळा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतायचं, नाहीतर क्षारांचे डाग राहतात. मग आरसा उभा ठेवून वाळवायचा आणि परत बसवल्यावर कोलिमेशन करायचं, म्हणजे दुर्बिणीतले आरसे एका रेषेत जुळवून घ्यायचे.

याला लाइक मिळाले चार. त्यातला एक प्रश्नकर्त्याचा. शिवाय एक जण "अल्कोहोल का नाही सांगितलंत?" म्हणून भांडायला आला, ते वेगळं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची. आणखी एका नव्या सदस्याने त्या विनोदाखाली विचारलं, "जेल टूथपेस्ट चालेल का, की पांढरीच हवी?" त्याने अगदी मनापासून विचारलं होतं. टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाची बारीक घासणारी भुकटी असते. आरसा कामातून गेला असता. मी त्याला तातडीने वेगळा संदेश पाठवला. आरसा अजून पेटीतच होता.

मला दाद नको असं मी म्हणणार नाही. दाद मिळाली की पुढचं लिहायला हुरूप येतो. पण प्रश्न माझ्यापुरता नाही. ऑनलाइन गटांमध्ये विनोदाला विचारापेक्षा जास्त पसंती मिळते हे तुमच्याही पाहण्यात आहे का? असेल तर ते कशामुळे? आणि काही करता येतं का?

वाचनमात्र

माझ्यासारख्या फक्त वाचणाऱ्याची बाजू सांगतो. तुमचं ते उत्तर मला दिसलं असतं तर मी वाचनखूण साठवली असती आणि लाइक द्यायचं राहून गेलं असतं. लांब उत्तर मी "निवांत वाचू" म्हणून बाजूला ठेवतो. निवांतपणा येतो तेव्हा मी त्या धाग्यावर नसतोच.

दुसरं असं की लाइक देणं म्हणजे एक प्रकारे ग्वाही देणं. विनोद आवडला की नाही हे मला तत्क्षणी कळतं, हसू आलं म्हणजे झालं. पण कापूस सरळ रेषेत ओढायचा की गोल फिरवायचा, यात तुमचं बरोबर आहे की नाही हे मला कुठे माहीत? ज्यातलं कळत नाही त्याला पसंती देताना हात आखडतो. लाइक नाही म्हणजे आदर नाही, असं कृपया समजू नका.

तळटीप

ध्रुवमत्स्य, हो, सर्रास दिसतं. पण लोकांची अभिरुची घसरली म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. दोन अगदी वेगळ्या गटांची नियंत्रक म्हणून मी काम केलंय आणि माझं मत आता पक्कं आहे: विनोद जास्त लाइक मिळवतो, त्यात विनोदाच्या गुणाइतकाच वेळेचा आणि मोजणीच्या पद्धतीचा हात असतो. हे दोन्ही माणसांनी ठरवलेलं आहे, म्हणून बदलताही येतं.

आधी वेळ. विनोद दोन मिनिटांत लिहून होतो, तेव्हा धागा ताजा असतो आणि गर्दी तिथेच असते. तुम्ही संध्याकाळी पोचलात तोवर गर्दी पांगली होती. त्यात पहिला लाइक पुढचे लाइक ओढून आणतो. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी यावर केलेला प्रयोग २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी कुठलाही निकष न लावता सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन टाकलं. त्यांच्या पहिल्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अखेरचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. त्या एका मताचा लिखाणाच्या दर्जाशी काडीचाही संबंध नव्हता! उलट, मुद्दाम दिलेलं प्रतिकूल मत पुढच्या वाचकांनी भरून काढलं. म्हणजे चढलेला आकडा फुगतो, उतरलेला सावरला जातो.

आता मोजणी. विनोदाला विरोधी मत फारसं पडत नाही, याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. रेडिट या चर्चागटांच्या संकेतस्थळाने २००९ मध्ये प्रतिसादांचा क्रम लावायची नवी पद्धत आणली, ती "जो आधी आला तोच वर बसला" ही अडचण सोडवण्यासाठीच. संख्याशास्त्रातलं एडविन विल्सन यांचं १९२७ सालचं सूत्र त्यांनी घेतलं. नुसते अनुकूल मतांचे ढीग मोजायचे नाहीत. एकूण मतांत अनुकूल किती, आणि त्या प्रमाणावर भरवसा ठेवण्याइतकी मतं पडलीत का, हे पाहायचं. उशिरा आलेलं चांगलं उत्तर त्यामुळे वर चढू शकतं. पद्धत उत्तमच आहे. पण टूथपेस्टच्या विनोदाला "मला हे मान्य नाही" असं कोण म्हणणार? तुमच्या उत्तरात मात्र सात-आठ ठाम विधानं आहेत आणि त्यातलं कुठलंही एक कोणाला खटकू शकतं. अल्कोहोलवाला आलाच ना! जितकं नेमकं लिहाल तितक्या जागा विरोधाला मिळतात. मोघम लिहिणारा आणि हसवणारा दोघेही सुखरूप सुटतात.

यावर लोकांनी उपाय शोधले आहेत, त्यातला माझ्या सगळ्यात आवडीचा स्लॅशडॉटचा. तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि चर्चांचं हे १९९७ सालचं संकेतस्थळ. तिथे नुसती पसंती देता येत नव्हती, ती कशासाठी तेही निवडावं लागे: मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, विनोदी वगैरे. प्रतिसादाचे गुण उणे एक ते पाच. 'विनोदी' मिळाल्याने प्रतिसाद वर जायचा, सगळे वाचून हसायचे, पण लिहिणाऱ्याच्या खात्यावरची पत त्याने वाढायची नाही. वाचकाला आपल्यापुरते विनोदी प्रतिसादांचे गुण कमी-जास्त करून ठेवता यायचे. मला यात मोठा समजूतदारपणा दिसतो. हसण्यावर बंदी नाही, फक्त हशा आणि पत यांची खाती वेगळी. माणसं तिथेही माणसंच, त्यामुळे एखादा विनोद फारच आवडला की काही जण मुद्दाम 'मार्मिक'चा शिक्का मारायचे, म्हणजे लिहिणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडेल.

रेडिटवरच इतिहासाच्या प्रश्नोत्तरांचा एक प्रसिद्ध गट आहे, 'आस्कहिस्टोरियन्स'. तिथला नियम कडक आहे. सविस्तर, आधार असलेलं उत्तर द्या. प्रश्नाखाली थेट नुसता विनोद टाकलात तर काढून टाकला जाईल. त्यामुळे कित्येकदा धाग्यावर भरपूर प्रतिसादांचा आकडा दिसतो आणि आत गेलं तर वाचायला काहीच उरलेलं नसतं. नवीन माणूस वैतागतो. पण मग कोणीतरी चार परिच्छेदांचं उत्तर घेऊन येतं आणि त्याला हजारोंनी मतं पडतात. याचा अर्थ वाचक विचाराच्या बाबतीत कंजूष नाहीत. विनोद शेजारी उभा नसला की तेच लोक तीच दाद लांब उत्तराला देतात.

एक घोट

तळटीप यांचं वाचून थोडी धास्ती वाटली म्हणून लिहिते. विनोद म्हणजे विचाराच्या वाटेतला अडथळा, असा सूर कृपा करून नको.

मी डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी जवळपास चार तास. मूत्रपिंड काम करत नसलं की पिण्याच्या पाण्याला मर्यादा येते. दिवसभरात किती प्यायचं ते ठरलेलं, आणि तहान काही त्या हिशेबाने लागत नाही. बरेच जण बर्फाचा लहानसा खडा तोंडात धरून वेळ काढतात. आमच्या रुग्णांच्या गटात एकीने एका रात्री लिहिलं: "आज उधळपट्टी केली. बर्फाचे दोन खडे. दोन!" बस, एवढंच. त्याला जेवढी पसंती मिळाली तेवढी तिथे आहारतक्त्याला कधी मिळाली नसेल, आणि ती मिळायलाच हवी होती. मी तो अंगठा दाबला तेव्हा "हो गं, माझंही असंच आहे" एवढं मला म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला दुसरी जागा नव्हती.

आहारतक्ताही मला हवा असतो. पोटॅशियम वाढलं तर हृदयाला धोका असतो, तिथे मी गंमत वाचत बसत नाही, शोधून नीट लिहिलेलं वाचते. पण त्या रात्री दोन खड्यांनी मला झोप लागली. त्या बाईने विचार न करता लिहिलं असं मला कोणी सांगू नये. फार विचार केल्याशिवाय इतकं थोडक्यात कोणाला लिहिता येत नाही.

ध्रुवमत्स्य

एक घोट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या मैत्रिणीचा विनोद आणि टूथपेस्टचा विनोद यांत मला फरक दिसतो तो असा: तिने स्वतःचं काहीतरी दिलं. टूथपेस्टवाल्याने दुसऱ्याच्या अडचणीवर हशा वसूल केला आणि निघून गेला. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण विचारणाऱ्याच्या हातात काही पडलं नाही. "कसं करू" या प्रश्नाखाली पहिलं उत्तर विनोदाचं असेल तर नवखा माणूस ते उत्तर म्हणूनच वाचतो. लाइक पाहून त्याची आणखी खात्री पटते, कारण लोक हसले म्हणून लाइक दिला की पटलं म्हणून, हे त्या आकड्यावर लिहिलेलं नसतं.

वाचनमात्र, तुमचं म्हणणं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. "ज्यातलं कळत नाही त्याला पसंती देताना हात आखडतो" हा तर प्रामाणिकपणा झाला.

सहज सुचलं

नवख्याला विनोद कळला नाही, यात त्याचा दोष नाही. नुसत्या अक्षरांत हे होतंच. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर स्कॉट फालमन यांनी आडव्या हसऱ्या चेहऱ्याची खूण सुचवली, ती विनोद गंभीरपणे घेतले जात होते म्हणूनच. आणि जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली व सहकाऱ्यांचा २००५ सालचा अभ्यास आहे: ईमेलमधला उपरोध समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा. नाणेफेकीपेक्षा किंचित बरं. लिहिणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज घुमत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही.

विचाराची बाजू अगदीच पडकी नाही, हेही सांगतो. जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जवळपास सात हजार लेखांचा अभ्यास मांडला. लोक कुठले लेख सर्वाधिक पाठवतात? थक्क करणारे त्यात ठळक होते, आणि उपयोगी लेखही जास्त पाठवले जात होते. ध्रुवमत्स्य, तुमच्या उत्तरात "मिलिमीटरचा दहा हजारावा भाग" हे थक्क करणारं वाक्य आहे. ते मधे का दडवलंत? तिथूनच सुरू करा. मी तरी तिथेच थांबलो होतो.

तळटीप

एक घोट, तुम्ही म्हणता ते मान्य. सरसकट बंदीची मी बाजू घेत नाही. आधार देणाऱ्या गटात इतिहासाच्या गटाचा नियम लावला तर तो गट मरेल.

ध्रुवमत्स्य, करता येण्यासारखं विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या गटाच्या ॲडमिनना दोन गोष्टी सुचवा. एक, "मदत हवी" असा वेगळा विभाग करा आणि फक्त तिथे पहिलं उत्तर कामाचंच असावं एवढा नियम ठेवा. गंमत त्या उत्तराखाली खुशाल चालू दे. दोन, तुमच्या संकेतस्थळावर सोय असेल तर नव्या प्रतिसादांचे आकडे सुरुवातीचे काही तास लपवा. रेडिटवर नियंत्रकांना ते २४ तासांपर्यंत लपवता येतात, आणि हवं तर प्रतिसादांचा क्रमही दर वेळी वेगळा दाखवता येतो. आकडा दिसत नसला की माणसाला आधी वाचावं लागतं. मी माझ्या एका गटात हे सुरू केलं तेव्हा पहिले काही दिवस कुरकुर झाली, "कोणाचं बरोबर ते कळायचं कसं?" अशी. मी लिहिलं की वाचून ठरवा, आणि नाही ठरवता आलं तर खाली विचारा. लोक विचारू लागले. उशिरा येऊन लिहिणारे दोघं-तिघं, जे मधे गप्प झाले होते, तेही पुन्हा लिहिते झाले.

किती तास लपवायचे ते तुमच्या गटाची वर्दळ पाहून ठरवा. संध्याकाळी लिहिणारे जास्त असतील तर निदान रात्रीपर्यंत तरी.